किल्लेदारांचा आक्षेप

सिनेमा सुरू होऊन एक तास चाळीस मिनिटं झाली होती. पडद्यावर तीन चोर बँकेच्या तळघरातलं जाडजूड लोखंडी दार उघडत होते आणि सगळं थिएटर पोट धरून हसत होतं. तेवढ्यात आठव्या रांगेत किल्लेदार उभे राहिले आणि बाहेर तिकिटं तपासणाऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे शक्यच नाही."

मागून कुणीतरी "काका, खाली बसा" म्हणालं. किल्लेदार बसले नाहीत. मागे वळून त्यांनी समस्त प्रेक्षकांना समजावून सांगितलं की स्ट्राँगरूमच्या दाराला दोन किल्ल्या लागतात, त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात, आणि साबणावर एकाच किल्लीचा ठसा घेऊन ते दार उघडतं असं दाखवणं ही सरळसरळ दिशाभूल आहे. लोकांना वाटलं हाही सिनेमाचाच भाग आहे. काहींनी टाळ्या वाजवल्या. मग मात्र किल्लेदारांचा पारा चढला. "चल गं," ते बायकोला म्हणाले आणि सात जणांच्या पायांवर पाय देत बाहेर पडले. त्यांच्या मागोमाग काकू निघाल्या, त्या सातही जणांची माफी मागत.

आता, किल्लेदार हे काही त्यांचं नाव नव्हे. बँकेत एकतीस वर्षं स्ट्राँगरूमची एक किल्ली त्यांच्या कमरेला होती, म्हणून ऑफिसातल्यांनी ते नाव ठेवलं आणि ते इमारतीपर्यंत पोचलं. दुसरी किल्ली दुसऱ्या अधिकाऱ्याकडे असायची. दोघं मिळूनच दार उघडायचं, दोघांनी मिळूनच बंद करायचं, आणि दोघांनी एकाच दिवशी रजा घ्यायची नाही. या शेवटच्या नियमामुळे किल्लेदारांनी निम्म्या नातेवाइकांची लग्नं फोटोत पाहिली होती. निवृत्त होताना त्यांनी किल्लीचा चार्ज रीतसर सही घेऊन दिला, त्याला दोन वर्षं झाली. पण हात अजून दर पाच-दहा मिनिटांनी कमरेच्या उजव्या बाजूला जायचा, तिथं काही नाही हे कळायचं आणि मग चार्ज दिल्याचं आठवायचं.

तिकिटं मुलीने काढून दिली होती. "बाबा, बँकेवरचा विनोदी सिनेमा आहे, तुम्हाला मजा येईल," ती म्हणाली होती. त्या सिनेमातला किल्लीवाला अधिकारी टक्कल पडलेला, पोट सुटलेला आणि दर दोन मिनिटांनी कमर चाचपणारा निघाला. किल्ली गळ्यात अडकवून अंघोळ करणारा, ती उशाखाली ठेवून झोपणारा आणि झोपेत दचकून उठून ती मोजणारा. एकच किल्ली, तरी मोजणारा. त्याने पहिल्यांदा कमर चाचपली तेव्हा थिएटरात कुणीही हसायच्या आधी काकू हसल्या. एकट्या, मोठ्याने, तोंडाला पदर लावून. पुढे दार, साबण, ठसा हे सगळं खरंच. पण किल्लेदारांना लागलं ते हे.

घरी आल्यावर दोघांत अबोला झाला असं म्हणता येणार नाही. काकू बोलत होत्या. जेवायला वाढू का, पंखा कमी करू का, औषध घेतलं का. सिनेमाबद्दल मात्र अवाक्षर नाही. किल्लेदारांनी याचा अर्थ काढला की तिला सिनेमा आवडला, तो टकल्या म्हणजे आपणच असं तिला वाटलं, आणि आपली उभी नोकरी तिच्या लेखी हसण्यावारी न्यायची गोष्ट आहे. अर्थ काढण्यात किल्लेदारांचा हात कुणी धरला नसता.

तेव्हा त्यांनी ठरवलं की हे प्रकरण कागदावर आणायचं. इमारतीतल्या बहुतेकांनी तो सिनेमा पाहिला होता. त्या सगळ्यांची मतं गोळा करायची, सिनेमा खोटा आहे हे बहुमताने सिद्ध करायचं आणि तो गठ्ठा निर्मात्याला पाठवायचा. एका दुपारी बसून त्यांनी 'प्रेक्षक अभिप्राय पत्रक' तयार केलं. सात प्रश्न, खाली सही, तीन प्रती. सिनेमा कसा वाटला, कोणता प्रसंग अशक्य वाटला, का अशक्य वाटला, आणखी कोणता प्रसंग अशक्य वाटला, अशा चढत्या क्रमाने.

पहिली माशी शिंकली ती सेक्रेटरींच्या दारात. इमारतीत कागद फिरवायचा तर आपली परवानगी लागते, असं सेक्रेटरींचं म्हणणं पडलं. मागे एकांनी हरवलेल्या मांजराचा कागद फिरवला होता, तर लोकांनी त्यावर पाण्याच्या तक्रारी लिहून पाठवल्या होत्या.

"परवानगी देतो," सेक्रेटरी चष्मा पुसत म्हणाले, "पण फिरवताच आहात तर आठवा प्रश्न लिफ्टचा टाका. नवी घ्यायची की जुनीच दुरुस्त करायची."

"अहो, याचा सिनेमाशी काय संबंध?"

"संबंध कशाला हवा? कागदाशी आहे ना."

किल्लेदारांनी नाइलाजाने आठवा प्रश्न टाकला. व्हायचं ते झालं. बावीस पत्रकं परत आली, त्यातल्या चौदा जणांनी सिनेमाच्या जागी 'ठीक' किंवा 'चांगला' लिहून लिफ्टबद्दल मागच्या बाजूलाही लिहिलं होतं. एकाने वेगळा कागद जोडला होता.

उरलेल्या आठांकडे किल्लेदार स्वतः गेले, आणि तिथून त्यांच्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली. कारण या सगळ्यांनी एकच सिनेमा पाहिला होता यावर विश्वास बसेना. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना तो सिनेमा म्हणजे एका चोराच्या सोन्याच्या दाताची गोष्ट वाटली होती. "मध्यंतराआधी दात डावीकडे आहे, नंतर उजवीकडे," ते म्हणाले. "मला पुढचं काही दिसलंच नाही हो. मी तेवढ्याच दाताकडे बघत राहिलो." दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त फौजदार म्हणाले की सिनेमा झकास आहे, पण चोर ठरल्या वेळेला हजर होतात हे काही पटत नाही. "माझ्या नोकरीत एकही चोर वेळेवर आला नाही. आम्हीही नाही." शिवणकामाच्या बाईंचा आक्षेप चोरांच्या पिशवीवर होता. बंद एकेरी शिलाईचे आणि ओझं एवढं. पहिल्याच पायरीवर उसवली असती. नव्या जोडप्याने 'खूप गोड' असं लिहिलं होतं. काय गोड, असं विचारल्यावर दोघं एकमेकांकडे बघायला लागले; ते शेवटच्या रांगेत बसले होते. आणि चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या की इतका दुःखी सिनेमा त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तो बिचारा चौथा चोर बाहेर गाडी चालू ठेवून बसलेला असतो आणि त्याला कुणी साधा चहा विचारत नाही. आजींचे डोळे पुन्हा भरून आले.

किल्लीबद्दल बोलायला कुणी तयार नव्हतं. आणि प्रत्येक जण बोलता बोलता शेवटाकडे घसरायचा. "पण काही म्हणा, शेवटी तो टकल्या जे करतो ना..." अशी सुरुवात झाली की किल्लेदार हात वर करायचे. "शेवट नको. मुद्द्याचं बोला." काही जण आपण होऊन घरी यायचे, चहा घेत बसायचे आणि तेही तिथेच घसरायचे. त्याच वेळी नेमकं आत दूध उतू जायचं. "अगंबाई, दूध," असं म्हणत काकू उठायच्या, स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या आणि पाहुणे उठेपर्यंत बाहेर यायच्या नाहीत. त्या आठवड्यात त्या घरात सात वेळा दूध उतू गेलं. किल्लेदारांच्या हे लक्षात आलं नाही. त्यांचं लक्ष पत्रकांना अनुक्रमांक देण्यात होतं.

शेवटचा आधार म्हणून ते दुसऱ्या किल्लीकडे गेले. दुसरी किल्ली म्हणजे त्यांचा जुना जोडीदार, अकरा वर्षं जो रोज त्यांच्याबरोबर त्या दारापाशी उभा राहिला. काकूंबरोबर जेवढे उंबरठे ओलांडले नसतील तेवढ्या वेळा किल्लेदारांनी त्याच्याबरोबर तो एक उंबरठा ओलांडला होता. तो तरी समजून घेईल.

"तीनदा पाहिला मी," दुसरी किल्ली म्हणाली.

"तीनदा?"

"अरे, तो टकल्या म्हणजे हुबेहूब तू आहेस. तसाच कमरेला हात. मी बायकोलाही घेऊन गेलो दाखवायला."

"आणि तू कोण आहेस त्यात?"

"मी नाहीच ना. म्हणून तर निवांत हसता आलं. आणि शेवटी तर तो..."

किल्लेदार चहा अर्धा टाकून उठले. असा अपमान त्यांचा बँकेच्या तपासणी पथकानेही केला नव्हता.

तिथून ते थेट थिएटरवर गेले आणि तक्रारवही मागितली. मॅनेजर सडपातळ, थकलेला, सभ्य माणूस होता. वहीत खुर्ची, पडदा, आवाज, स्वच्छतागृह आणि इतर असे रकाने होते. कथानकाला रकाना नव्हता. बरीच चर्चा होऊन तक्रार 'इतर'मध्ये गेली: सदर चित्रपटामुळे किल्लीधारक अधिकाऱ्यांविषयी गैरसमज पसरत असून त्याचे खेळ तातडीने थांबवावेत. किल्लेदारांनी पोचपावतीवर शिक्का मागितला. थिएटरचा शिक्का नव्हता, म्हणून मॅनेजरने तिकिटावर मारायचा 'बाल्कनी' हा शिक्का मारून दिला.

आता गठ्ठा बांधायचा तेवढा राहिला. पण इमारतीत घरं तेवीस आणि पत्रकं बावीस. तेविसावं घर त्यांचं स्वतःचं. अपुरा संच पुढे पाठवायचा नाही ही एकतीस वर्षांची शिस्त. स्वतःचं मत त्यांनी सोबतच्या पत्रात सहा पानं लिहिलंच होतं. तेव्हा त्यांनी एक पत्रक टेबलावर पेपरवेटखाली ठेवलं आणि काकूंना न बघता म्हणाले, "वेळ मिळेल तेव्हा भरून ठेव. काही दबाव नाही."

संध्याकाळी पत्रक भरून तयार होतं. काकूंचं अक्षर गोल, पुसलेलं नाही, खोडलेलं नाही.

पहिला प्रश्न: सिनेमा कसा वाटला? उत्तर: पूर्ण पाहिलेला नाही. मत देता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नापासून सातव्यापर्यंत: वरीलप्रमाणे.

आठवा प्रश्न: लिफ्ट चांगली आहे, उगाच बदलू नये.

किल्लेदारांनी ते दोनदा वाचलं. मग ते खुर्चीवर बसले. उभ्या नोकरीत त्यांनी मोजणी पुरी झाल्याशिवाय कशावरही सही केली नव्हती. एकदा एका साहेबांनी घाई केली तर साहेबांना बाहेर उभं केलं होतं. आणि आता शेवटच्या वीस मिनिटांचा सिनेमा न बघता त्यांनी तक्रारवहीत सही ठोकली होती, तीही बाल्कनीच्या शिक्क्यासकट. इमारतीतल्या तेवीस घरांत नियमाने वागलेलं माणूस एकच, आणि ते आत कणीक मळत होतं.

ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"तुला पूर्ण बघायचा होता?"

"हो."

"मग सांगायचं नाही का?"

"काय सांगणार? तुम्ही उठलात, मी उठले." काकू कणीक मळत राहिल्या. "शेवट कुणाकडून ऐकायचा नव्हता, म्हणून आत येऊन दार लावून बसायची. एवढंच."

"म्हणजे दूध..."

"दूध कुठलं? गॅसवर काही नसायचं."

 मग किल्लेदारांनी आठ दिवस मनात ठेवलेलं बोलून टाकलं. "तू हसलीस. सगळ्यांच्या आधी हसलीस. त्या टकल्याला."

काकूंनी हात थांबवला. "मी त्याला हसले नाही हो. ओळखीचं माणूस भेटलं म्हणून हसले." आणि जरा थांबून म्हणाल्या, "एकतीस वर्षं सकाळी नऊला तुम्ही बाहेर पडायचात. तिथं आत काय करता, कसं असतं, किती वेळा विचारलं मी. गोपनीय आहे म्हणायचात. ते दार कसं असतं, आत जाताना काय करतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. आता कुठं तुम्ही आत शिरणार, काय करणार ते कळणार, तर तुम्हीच उठून चल म्हणालात."

किल्लेदारांचा हात कमरेकडे गेला आणि तसाच राहिला. बायकोवर आपलं फार प्रेम आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण ते असं ऐन संध्याकाळी कणकेच्या परातीपाशी अंगावर येईल याची त्यांना कल्पना नव्हती. "उद्या जाऊ," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी थिएटरवर त्या सिनेमाचं पोस्टर नव्हतं.

"आपल्याच तक्रारीवरून काढला," मॅनेजर अदबीने म्हणाला. "म्हणजे गर्दीही नव्हतीच. पण मालकांना मी आपली तक्रार दाखवली, ते म्हणाले, लोक इतके चिडले असतील तर कशाला. आमच्या थिएटरच्या इतिहासात लेखी तक्रारीवर कारवाई झाली अशी ही पहिलीच वेळ."

काकू किल्लेदारांकडे बघत होत्या. 

"पुन्हा लावता नाही का येणार? एकच खेळ?" किल्लेदारांनी घाईघाईने विचारलं.

मॅनेजरने डोकं खाजवलं. प्रिंट परवा परत जायची होती. उद्या दुपारी तीनला पडदा रिकामा होता. वीस जण तरी येणार असतील तर मालकांना सांगता येईल. आणि हो, तक्रार लेखी मागे घ्यावी लागेल. किल्लेदारांनी तिथेच उभ्या उभ्या अर्ज लिहिला, तीन प्रतींत. तक्रार मागे घेण्याचे कारण: पूर्ण पाहिला नव्हता.

त्या संध्याकाळी इमारतीने एक अजब दृश्य पाहिलं. जो माणूस आठ दिवस दारोदार फिरून सिनेमा खोटा आहे म्हणत होता, तोच पुन्हा दारोदार फिरत होता, आणि तो सिनेमा उद्या बघायला चला म्हणत होता. दातांचे डॉक्टर लगेच तयार झाले; त्यांना त्या दाताचा सोक्षमोक्ष लावायचा होता. शिवणकामाच्या बाई म्हणाल्या, पिशवी पुन्हा बघते. नवं जोडपं म्हणालं की आम्हालाही एकदा बघायचाच आहे. आजींनी रुमाल आत्ताच काढून ठेवला. सेक्रेटरी म्हणाले, येतो, पण वाटेत लिफ्टचा विषय काढला तर चालेल ना. फौजदारांनी तर अख्खा दुसरा मजला उचलून आणायची जबाबदारी घेतली. दुसरी किल्ली चौथ्यांदा यायला एका पायावर तयार होती. आकडा तेवीसवर गेला. किल्लेदारांनी यादी केली.

दुसऱ्या दिवशी तीनला सगळे जागेवर होते, फौजदारही वेळेवर. आठव्या रांगेत काकू आणि किल्लेदार. सिनेमा सुरू झाला. टकल्याने कमर चाचपली आणि त्याच क्षणी किल्लेदारांचाही हात सवयीने कमरेला गेला. काकूंनी ते अंधारातही बघितलं आणि हसल्या, आणि या वेळी किल्लेदारांना ते गोड लागलं.

एक तास चाळीस मिनिटं झाली. चोरांनी साबणावरून केलेली किल्ली दाराला लावली आणि थिएटरातल्या एकवीस माना आठव्या रांगेकडे वळल्या. किल्लेदार ओठ घट्ट मिटून बसले. दार उघडलं. आत जुन्या फायली होत्या. जमिनीपासून छतापर्यंत नुसत्या फायली. ते दार स्ट्राँगरूमचं नव्हतंच, जुन्या कागदपत्रांच्या खोलीचं होतं. खरं दार पलीकडे होतं, त्याला दोन किल्ल्या लागत होत्या आणि ते बंदच होतं. खुर्चीला बांधलेल्या टकल्याला हे पहिल्यापासून माहीत होतं. सिनेमावाल्यांना दोन किल्ल्यांचा नियम तंतोतंत ठाऊक होता. किल्लेदारांना वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला आणि आपल्या सहा पानी पत्राला पोटात घेईल तर बरं.

मग चोर हताश होऊन निघाले, तर टकल्या बसल्या जागेवरून म्हणाला, "थांबा. आत आलात, वेळ टाकून सही केल्याशिवाय बाहेर जाता येणार नाही. नियम आहे." त्याच्या आवाजात इतकी जरब होती की तिन्ही चोर निमूटपणे रांगेत उभे राहिले आणि एकामागून एक रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, येण्याचं कारण लिहून सही करून गेले. खरी नावं, खरे पत्ते. गाडीतल्या चौथ्यालाही बोलावून आणलं. त्याला टकल्याने आधी पाणी विचारलं. आजी वरच्या रांगेत हुंदका देऊन हसल्या. दुसऱ्या दिवशी पोलीस चारही पत्त्यांवर गेले, आणि बँकेत सगळ्यांनी टकल्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या, तर त्याचा हात नकळत कमरेला गेला.

थिएटरात हास्याचा कल्लोळ होता. काकू हसत नव्हत्या. त्या पडद्यावरच्या त्या लाल पाठीच्या रजिस्टरकडे टक लावून बघत होत्या. मग त्या नवऱ्याच्या कानाशी वाकल्या.

"असं होतं का हो खरंच? चोरसुद्धा सही करून जातात?"

एकतीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. जगातल्या कुठल्याही बँकेत झालं नसेल. हे शक्यच नव्हतं, आणि हे किल्लेदारांइतकं त्या थिएटरात कुणाला ठाऊक नव्हतं. फार तर दुसऱ्या किल्लीला, आणि ती डोळे पुसत होती.

"होतं की," किल्लेदार म्हणाले. "रजिस्टर माझ्याच हाताखाली असायचं. दार उघडलं की आधी उजवीकडे दिवा, मग..." आणि ते आतलं सगळं, दिव्यापासून कुलपापर्यंत, तिला सांगायला लागले, इतकं रंगून की पुढच्या रांगेतल्या दातांच्या डॉक्टरांनी मागे वळून दोनदा शू केलं.